परदेशातली खोली आणि खोलीचा कागद



या सदरात आपण जातीचा दाखला, पडताळणी, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीची मुदत अशा विषयांवर बोलत आलो आहोत. आता आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली इंग्लंड-अमेरिकेबरोबर इटलीतही शिकायला जाऊ लागली आहेत. त्यांची कागदपत्रे तयार करून देताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आईबाप विद्यापीठाचे नाव एकदा ऐकतात आणि मान डोलावतात. पण "भाऊ, पोर राहणार कुठं?" हा प्रश्न चार-चारदा विचारतात.

हा प्रश्न कुणी अडाणीपणाचा समजू नये. आपल्या समाजाइतका या प्रश्नाचा अनुभव दुसऱ्या कुणाला असणार? विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले. तिथे ते विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. नवल भथेना हे पारशी मित्र त्यांचे खोलीसोबती होते. परक्या मुलखात त्यांना डोके टेकायला जागा मिळाली. पण १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला खोली मिळेना. अखेर पारशी नाव लावून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते बडोद्याच्या बागेत बसून होते. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज ते स्मारक आहे.

तेव्हा शिक्षण आणि खोली या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. आज आपण इटलीतील बोलोन्या या जुन्या शहराचे उदाहरण घेऊ. आमच्या मंडळाने मदत केलेली काही मुले तिथे राहिली आहेत. त्यांनी फोनवर वेळोवेळी जे सांगितले आणि कागदांवरून जे मला समजले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

शहर कसे आहे?

बोलोन्याचे विद्यापीठ १०८८ साली सुरू झाले असे मानतात. युरोपातले ते सर्वांत जुने विद्यापीठ. म्हणजे बाहेरगावच्या विद्यार्थ्याला खोली देण्याचा या शहराचा अनुभव नऊशे वर्षांहून अधिक आहे!

या शहराची ओळख म्हणजे तिथले पोर्टिको. पोर्टिको म्हणजे घराखालून, खांबांच्या आधाराने जाणारी छपराखालची वाट. त्यांची लांबी शहरात सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ते निर्माण कसे झाले, हे समजण्यासारखे आहे. मध्ययुगात विद्यार्थी आणि कारागीर शहरात लोटू लागले, तशा खोल्या कमी पडू लागल्या. लोकांनी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून खांब दिले. १२८८ साली नगरसभेने नियम केला की नव्या घराला पोर्टिको असलाच पाहिजे, आणि घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल इतका तो उंच पाहिजे. जमीन घरमालकाची, डागडुजी घरमालकाची, पण वाट सर्वांची. पावसात, उन्हात, बर्फात कुणीही तिथून चालावे, कुणी अडवायचे नाही. सार्वजनिक वाटेवर आणि सार्वजनिक पाण्यावर पाऊल टाकण्यासाठी ज्यांच्या आजा-पणज्यांना १९२७ साली महाडला लाठ्या खाव्या लागल्या, त्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १२५६ साली बोलोन्याच्या नगरराज्याने सुमारे ५,८०० दासांची किंमत त्यांच्या धन्यांना चुकती केली आणि त्यांना मुक्त केले. त्यांना मोकळे करण्यात नगराचा स्वार्थही होता, कारण मोकळा माणूस कर भरतो. पण त्यांनी केलेले एक काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुक्त झालेल्या माणसांची नावे त्यांनी एका ग्रंथात लिहून ठेवली. त्या ग्रंथाचे नाव 'लिबेर पारादीसुस', म्हणजे स्वर्गाचा ग्रंथ. बोलोन्याच्या महापालिकेच्या नव्या कचेऱ्या ज्या चौकात आहेत, त्या चौकालाही हेच नाव दिलेले आहे. आपली मुले कामासाठी त्या कचेरीत जातात तेव्हा दासमुक्तीच्या चौकातून जातात, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

पण हे शहर म्हणजे स्वर्ग होते असे कुणी समजू नये. याच शहरात १५५६ साली ज्यू लोकांना काही अरुंद गल्ल्यांत कोंडून तिथे दरवाजे बसवले आणि पुढे १५९३ साली त्यांना शहराबाहेर हाकलले. त्या गल्ल्या आजही आहेत. गावकुसाबाहेरचा वाडा आणि दरवाजाआडचा वाडा, दोन्ही माणसानेच बांधलेले.

खोली शोधणे

आता कामाचे बोलू. बोलोन्यात खोल्यांची मोठी टंचाई आहे. विद्यार्थी हजारोंनी आहेत आणि जुन्या शहरातली पुष्कळ घरे पर्यटकांना दिवसावर भाड्याने दिली जातात. २०२३ साली मिलानमध्ये महाग भाड्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी विद्यापीठासमोर तंबू ठोकले, ते आंदोलन इटलीतल्या इतर शहरांतही पसरले. तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खोली मिळेल, असे धरून चालू नये. पहिले दोन-तीन आठवडे वसतिगृहवजा हॉस्टेलमध्ये किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याकडे काढण्याची तयारी हवी.

एका माणसाच्या खोलीला महिन्याला साधारण पाचशे ते सहाशे युरो पडतात. दोघांत एक खोली घेतली तर कमी. एक युरो म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. शिवाय अनामत रक्कम लागते. कायद्याने ती तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मध्यस्थ असेल तर त्याचा मेहनताना वेगळा. समजा भाडे ५५० युरो आणि अनामत दोन महिन्यांची, तर पहिल्याच दिवशी १,६५० युरो लागले. म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये. हा आकडा आईबापांनी विमानाच्या तिकिटाआधी वहीत मांडावा. त्यासाठी सावकाराच्या दारात जाऊ नये आणि घरातला दागिना मोडू नये. बँकेचे शैक्षणिक कर्ज मागताना राहण्याचा खर्च त्यात धरायला लावावा.

एक कानमंत्र. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा विश्वासाच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. छान फोटो दाखवायचे, भाडे कमी सांगायचे, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आजच अनामत पाठवा" म्हणून घाई करायची आणि पैसे घेऊन गडप व्हायचे, हा धंदा तिथेही चालतो.

कागद नसलेली खोली

आता मुख्य मुद्दा. इटलीत तात्पुरत्या राहण्यासाठीही लेखी करार असतो. एक प्रकार एक ते अठरा महिन्यांचा तात्पुरता करार. दुसरा खास विद्यार्थ्यांसाठीचा, सहा महिने ते तीन वर्षांचा. करार झाला की तो तीस दिवसांच्या आत तिथल्या कर खात्यात नोंदवावा लागतो. या खात्याला 'आजेन्झिया देल्ले एन्त्राते' म्हणतात. नोंदणी झाली की कराराला क्रमांक मिळतो.

काही घरमालक कर चुकवण्यासाठी नोंदणी टाळतात. ते म्हणतात, "कागद कशाला? महिन्याला शंभर युरो कमी द्या." आपल्या मुलाला वाटते, शंभर युरो म्हणजे दहा हजार रुपये वाचले, आईला तेवढे कमी पाठवावे लागतील. इथेच फसगत होते.

कशी ते पाहा. आपल्या राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण तिच्या जागा वर्षाला ७५. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी इटलीत एक मार्ग आहे. तिथले प्रांत कुटुंबाचे उत्पन्न पाहून गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात. परदेशी विद्यार्थीही अर्ज करू शकतात. बोलोन्यात हे काम 'एर-गो' नावाची प्रांतिक संस्था पाहते. गिरणी कामगाराच्या, सफाई कामगाराच्या, शेतमजुराच्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. पण बाहेरगावचा विद्यार्थी म्हणून पूर्ण रक्कम हवी असेल तर किमान दहा महिने भाड्याने राहत असल्याचा नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. तो नसेल तर कमी दराची रक्कम मिळते.

आमच्या ओळखीच्या एका मुलाने असेच शंभर युरो वाचवले. अर्जात कराराचा क्रमांक भरायची वेळ आली, तेव्हा घरमालकाने हात वर केले. मुलाने धावपळ करून मुदतीच्या आत दुसरी खोली शोधली. भाडे जास्त, खोली लहान, पण करार नोंदवलेला. त्याची शिष्यवृत्ती वाचली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला मात्र घाई करता आली नाही. त्याने वर्षभरात जेवढे भाडे वाचवले, त्यापेक्षा जास्त रक्कम गमावली.

कागदाची किंमत आपल्याला बाबासाहेबांनी शिकवली आहे. तोंडी दया आज असते, उद्या नसते. लिहिलेला हक्क कचेरीत दाखवता येतो.

या शिष्यवृत्तीसाठी इकडून न्यायचे कागदही सांगतो. घरातील माणसे किती, सर्वांचे मिळून उत्पन्न किती, घर-जमीन काय, बँकेत शिल्लक किती, याचे दाखले लागतात. त्यांना आपल्या शासनाचे 'अपोस्टिल' प्रमाणीकरण आणि इटालियन भाषांतर लागते. इथे हिशेबाची एक मेख आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचे जानेवारी ते डिसेंबर. तहसीलचा दाखला आपल्या वर्षाप्रमाणे मिळतो आणि तिकडे तो अडतो. तेव्हा कोणत्या वर्षाचे, कोणत्या महिन्यांचे उत्पन्न हवे हे आधी वाचून, त्याप्रमाणे दाखला मागावा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ताही साधारण वर्षाअखेरीस हाती येतो. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे घरूनच न्यावे लागते.

पहिले आठ दिवस

इटलीत उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्याला 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो' म्हणतात. हा अर्ज ठराविक पोस्ट कार्यालयात मिळतो आणि तिथेच भरून द्यायचा असतो. सगळे मिळून शंभर युरोंहून थोडे अधिक लागतात. पोस्टाची पावती जिवापलीकडे जपावी. परवान्याचे कार्ड हाती येईपर्यंत तीच पावती सर्वत्र चालते.

दुसरा कागद 'कोदिचे फिस्काले', म्हणजे तिथला कर क्रमांक. आपल्या पॅन कार्डासारखा समजा. कर खात्यात तो फुकट मिळतो. त्याच्याशिवाय भाडेकरार होत नाही आणि बँकेतही अडते. तिसरी गोष्ट, परदेशी माणसाला घरात ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांकडे तशी लेखी खबर द्यायची असते. ती घरमालकाने दिली का, हे मुलाने विचारावे आणि तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

घरात शिरल्यावर

जुन्या शहरातली घरे शेकडो वर्षांची. जिने उंच, पुष्कळ इमारतींत लिफ्ट नाही. दोन जड बॅगांपेक्षा जास्त सामान नेऊ नये, चौथ्या मजल्यावर ते स्वतःलाच चढवायचे असते. किल्ल्या दोन-तीन असतात, रस्त्यावरच्या मोठ्या दाराची वेगळी, घराची वेगळी. दार ओढले की आपोआप लागते. किल्ली आत राहिली तर कुलूपवाला बोलवावा लागतो आणि तो महाग पडतो.

घरगुती वीज जोडणी बहुधा ३ किलोवॅटची असते. इस्त्री, ओव्हन आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी चालवले की घर अंधारात जाते. घर गरम करण्याची यंत्रणा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच चालवायची परवानगी असते आणि तिचे बिल मोठे येते. म्हणून भाड्यात वीज, गॅस आणि गरम करण्याचा खर्च धरला आहे की वेगळा आहे, हे करारातच लिहून घ्यावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेऊ नयेत.

संडासात धुण्यासाठी बसकी मोरी असते, तिला बिदे म्हणतात. १९७५ च्या सरकारी नियमाने प्रत्येक घरात ती असावी लागते. "तिकडं नुसता कागद असतो म्हणे" या काळजीने झोप उडालेल्या आयांनी निश्चिंत व्हावे!

डाळ, तांदूळ, हळद, मिरची बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानांत मिळते. ही दुकाने रेल्वे स्टेशनच्या मागच्या भागात पुष्कळ आहेत. कुकर नेला तर शेजाऱ्यांना एकदा शिट्टी ऐकवून ठेवावी, नाहीतर कुणी घाबरायचे. दुपारी आणि रात्री शांततेचे तास असतात, ते पाळावेत.

कचरा मात्र मन लावून वेगळा करावा. ओला, कागद, प्लास्टिक, काच, प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली आहे. ज्यांच्या घरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शहराचा सगळा कचरा एकत्र, हातांनी उपसला, त्यांच्या मुलांना हे काम कमीपणाचे वाटू नये. प्रत्येकाने आपला कचरा आपण वेगळा केला की उचलणाऱ्याचे हात सुरक्षित राहतात.

भगवान बुद्धांच्या विनयात निवासस्थान कसे वापरावे याचे नियम आहेत. आल्यावर जागा झाडून स्वच्छ करावी आणि जाताना सामान नीट लावून, कुणाच्या तरी हवाली करून मग निघावे. वर्षावासाचे तीन महिने राहणाऱ्या भिक्खूंनाही ते लागू. भाड्याच्या खोलीलाही हाच नियम लावावा. आत शिरताच भिंती, खाट, खिडक्या, नळ यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि सोडताना खोली तशीच परत करावी. अनामत परत मिळण्याचा तोच खात्रीचा मार्ग.

बेलवरचे नाव

शेवटची गोष्ट लहान दिसते, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इटलीत इमारतीच्या दाराशी बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणापुढे राहणाऱ्याचे आडनाव असते. पत्रपेटीवरही नाव लागते. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचे कार्ड, कचेरीच्या नोटिसा सगळे हुकते. म्हणून खोली मिळाली की पहिल्या दिवशी बेलवर आणि पेटीवर नाव लावून घ्यावे.

आपल्याकडे काय होते ते आपण जाणतो. मोठ्या शहरात खोली मागताना आडनाव सांगायला आपली मुले कचरतात. कुणी नुसते पहिले नाव सांगतो, कुणी गावाचे नाव पुढे करतो. "पूर्ण नाव काय?" या प्रश्नानंतर खोली "कालच दिली" होते. परदेशातही हा रोग पुरता सुटत नाही. चार भारतीय मुले मिळून घर घेतात, तेव्हा खाण्यापिण्यावरून आणि आडनावावरून चौकशी झाल्याचे अनुभव मुलांनी सांगितले आहेत. इटालियन घरमालकांपैकीही काहीजण परदेशी म्हटले की नकार देतात. मात्र १९९८ च्या तिथल्या कायद्याने वंश, रंग, धर्म, देश यांवरून घर नाकारणे हा भेदभाव ठरतो आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. मुलांनी हे माहीत करून घ्यावे आणि एकटे न राहता विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनांशी संबंध ठेवावा.

बडोद्याच्या धर्मशाळेच्या वहीत बाबासाहेबांना आपले नाव लिहिता आले नाही. आज त्यांच्यामुळे शिकलेली एखादी कांबळे, एखादा गायकवाड बोलोन्याच्या जुन्या दारावर स्वतःच्या हाताने आपले आडनाव लावतो. खोली दहा महिन्यांचीच असेल, पण तेवढे दिवस ते नाव रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येते. आईबापांनी मुलांना फोनवर "जेवलास का?" विचारावेच. त्याबरोबर "करार नोंदवला का? पावती जपून ठेवलीस का? बेलवर नाव लावलेस का?" हेही विचारावे.

कुणाच्या घरचे मूल या वर्षी जाणार असेल तर त्यांनी या सदराकडे पत्र पाठवावे किंवा रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. आधी जाऊन आलेल्या मुलांशी गाठ घालून देऊ. कागदपत्रांचे काम आपण मिळून करू.

जय भीम! जय भारत!